कुलपाआडचं औषध

मी दवाखान्यातला छोटा फ्रिज बोलतोय. या, बसा. घाईत असाल तर उभ्याने ऐका.

कारखान्यातून निघालो तेव्हा माझ्या दारावर चिठ्ठी होती, 'फक्त औषधांसाठी'. इथे ती कुणी वाचली नाही. बाळंतपणानंतरचं रक्त थांबवणारी इंजेक्शनं माझ्या पोटात, आणि त्यांच्या शेजारी भाऊसाहेबांचा डबा. भाऊसाहेब म्हणजे इथले हेडक्लार्क. नवी वस्तू चोरीला जाईल म्हणून त्यांनी मला स्वतःच्या खोलीत ठेवलं, व्हरांड्याच्या पार टोकाला. सिस्टर रोज सांगायची, फ्रिज बाळंतिणींजवळ हवा. यांचं उत्तर ठरलेलं, वस्तू माझ्या सहीची आहे.

एका दुपारी भाऊसाहेब खोलीला कुलूप लावून, किल्ली खिशात टाकून घरी गेले. थोड्याच वेळात सिस्टर धावत आली. एका पहिलटकरणीचं बाळ सुखरूप होतं, पण तिचं रक्त थांबत नव्हतं. डॉक्टरीणबाई पोट दाबून धरून होत्या आणि औषध माझ्यापाशी. सिस्टरने कुलूप ओढलं, हिसडलं. आत मी नुसता घरघरतोय. असली वेळ वैऱ्यावरही येऊ नये.

मग झाडलोट करणाऱ्या मावशी लोखंडी स्टूल घेऊन आल्या. "सरका सिस्टर. कुलूप दणकट आहे, कडी नाही."

तिसऱ्या घावाला कडी निघाली. इंजेक्शन घेऊन सिस्टर पळाली. खोलीचं दार सताड उघडं राहिलं, म्हणून मी कान लावून बसलो. आधी नुसती धावपळ ऐकू आली. मग एक बारीक आवाज आला, "बाळ कुणासारखं आहे हो?"

"नाक तुझ्या सासूचं," मावशी म्हणाल्या. "बाकी चांगलं आहे."

सगळे हसले. मीसुद्धा थरथरलो.

भाऊसाहेब परतले आणि तुटकी कडी बघून तापले. सिस्टर एवढंच म्हणाली, आत जाऊन त्या पोरीला बघून या. ते गेले. बाहेर आले ते थेट माझ्याकडे. डबा काढून टेबलावर ठेवला, बाह्या सरसावल्या आणि मला मिठीत घेतल्यासारखं धरलं. "मावशी, तुम्ही पुढून धरा."

वाजतगाजत नाही, पण वरातच होती ती माझी.

आता मी बाळंतिणींच्या भिंतीलगत उभा आहे. कुलूप नाही. सिस्टर सकाळ-संध्याकाळ माझा ताप बघते, औषध संपण्याआधी नवं मागवते. त्या दिवसापासून इथली एकही आई औषधासाठी खोळंबलेली नाही. माझ्या डोळ्यांदेखत सगळ्या आपल्या पायांनी घरी गेल्या.

तुमच्या गावातल्या दवाखान्यात जाल तेव्हा एवढं विचारा, ते इंजेक्शन कुठे ठेवता आणि किल्ली कुणाकडे असते? भोचक म्हणतील. म्हणू द्या.