चिकातलं गुलाबी

काटेवाडीत लीलाकाकूंची सोनपरी गाय पहाटे व्याली, आणि दिवस उजाडतो न उजाडतो तोच त्यांची पुतणी प्रगती कॅन घेऊन गोठ्याच्या दारात उभी राहिली. तिला पहिल्या धारेचा दोन लिटर चीक हवा होता. बारामतीच्या कॉलेजात ती एम.एस्सी. करत होती. चिकातलं लॅक्टोफेरिन नावाचं प्रथिन वेगळं काढायचं, हा तिचा प्रकल्प. दोनदा फसलेला.

"आधी वासराचं पोट भरू दे," काकू म्हणाल्या. "आन दोन लिटरात ताटभर खरवस हुतो. त्याचं तू काय करतीस, ते मला बघायचं हाय."

दुपारी काकू इस्त्रीची साडी नेसून, स्कूटीवर मागं बसून लॅबमध्ये हजर झाल्या.

प्रगतीनं चीक यंत्रात गरगर फिरवून वरचा लोण्याचा थर काढला आणि आम्ल घालून उरलेला चीक फाडला. काकूंनी कपाळावर हात मारला.

"चांगला चीक नासवला की गं!"

"नासवला न्हाय काकू, चोथा बाजूला काढला. आपल्याला निवळी पायजे."

मग तिनं काचेची उभी नळी दाखवली. आत बारीक पांढरे मणी ठासून भरलेले. "निवळी यातनं सोडायची. बाकीची प्रथिनं खाली निघून जात्यात, आपलं तेवढं मण्यांना चिकटून बसतं. वरनं मिठाचं पाणी सोडलं की ते सुटतं."

पाचच मिनिटांत निवळी नळीत ढकलणारा पंप कोकलायला लागला. नळी तुंबली होती. प्रगती रडकुंडीला आली. मागच्या दोन्ही वेळा हेच झालं होतं.

काकूंनी उरलेल्या निवळीचं भांडं खिडकीच्या उजेडात धरलं. "हिला निवळी म्हणतीस व्हय? ह्यात चोथा तरंगतोय अजून. तूप तरी असं गाळशील का?"

प्रगती ओशाळली. एकदा फिरवलं की झालं, असं म्हणून ती दर वेळी गाळायचंच टाळत होती. तिनं नळी धुतली, निवळी पुन्हा फिरवली, बारीक गाळणीतून काढली. आता ती काचेसारखी दिसत होती.

ती नळीतून सोडल्यावर तासाभरानं नळीच्या वरच्या टोकाला फिकट गुलाबी कडं उमटलं.

"अगं, हे कुठनं आलं? गाय तर पांढरी हाय!"

"आपलंच प्रथिन ते. त्यात लोह असतं."

मिठाचं पाणी सोडल्यावर कडं खाली सरकू लागलं. त्याच्याबरोबर काकूही वाकत गेल्या, पार गुडघ्यांवर हात टेकेपर्यंत. खालच्या परीक्षानळीत गुलाबी थेंब पडला तशा त्या ओरडल्या, "सुटलं!" पलीकडच्या टेबलावरची दोन पोरं दचकली.

"दोन लिटराचं एवढंच?" काकूंनी बोटभर द्रावणाकडं बघत विचारलं. "चाखू का जरा?"

"काकू, न्हाय!"

दुसऱ्या दिवशीच्या तपासणीत एकच स्वच्छ रेघ आली. म्हणजे त्यात दुसरं कुठलं प्रथिन मिसळलेलं नव्हतं, ते शुद्ध होतं. प्रगतीनं आनंदानं काकूंना फोटो पाठवला. लगेच काकूंचा फोन आला, "रेघ झ्याक हाय. पर मला सांग, म्हशीच्या चिकातबी हे गुलाबी असतंय का?"

 प्रगती फोन हातात घेऊन तशीच हे विचारायला मार्गदर्शक सरांच्या केबिनकडं निघाली.