बाईंचा पहिला वर्ग

कोरेगावच्या हायस्कुलात चिंतामणनं नऊ वर्षं मॅट्रिकच्या वर्गाला मराठी आणि इतिहास शिकवला. शिक्षणशास्त्राची पदवी त्याच्याकडे नव्हती, आणि तिच्यावाचून त्याचं काही अडलंही नव्हतं. सत्तावनचं बंड सांगायला लागला की शेजारच्या वर्गातली पोरं भिंतीला कान लावत. पण प्रशिक्षण न झालेल्या, म्हणजे 'ट्रेंड' नसलेल्या मास्तराला वरची श्रेणी मिळत नाही आणि पर्यवेक्षक तर कधीच होता येत नाही. शेवटी संस्थेचे अध्यक्ष आप्पासो एकदा त्याला म्हणाले, "आवं सर, ती बी.एड. एकदाची उरकून टाका. वर्साची रजा देतो. परत आलासा की हाय तुमची खुर्ची."

त्याच सुमारास त्याची बायको प्रमोदिनी बी.ए. झाली होती. लग्नानंतर बाहेरून परीक्षा देत देत, चूल सांभाळून. तिचा अभ्यास चिंतामणनंच घेतला होता, आणि ही गोष्ट तो येणाऱ्या-जाणाऱ्याला हौसेनं सांगे. त्यालाच लहर आली. म्हणाला, "चल, तूही ये. एका खोलीत दोघांचं भागेल." मुलगी पाच वर्षांची होती. तिला सांगलीला गावभागात, प्रमोदिनीच्या माहेरी, आजी-आजोबांकडे ठेवलं, आणि त्र्याहत्तरच्या जूनमध्ये दोघं साताऱ्याला आली. शनिवार पेठेत माडीवर एक खोली मिळाली. कॉलेजात एकाच बाकावर नाही, पण एकाच वर्गात दोघं बसू लागली.

एका शाळेतल्या खऱ्या मुलांपुढचा पहिला सराव पाठ प्रमोदिनीचा होता. आयुष्यात ती कधी फळ्यासमोर उभी राहिली नव्हती. तिचं पाठाचं टाचण चिंतामणनं लिहून दिलं. प्रस्तावना, हेतुकथन, प्रश्न, सगळं. तिचा आवाज कापत होता आणि खडू दोनदा हातातून पडला. मागच्या बाकांवर बसलेले विद्यार्थी-शिक्षक एकमेकांकडे बघत होते. चिंतामणला तिची दया आली, आणि खरं सांगायचं तर बरंही वाटलं. संध्याकाळी तो तिला म्हणाला, "सवयीनं होईल. मी आहे ना."

चार दिवसांनी त्याचा पाठ झाला. तो नेहमीसारखा रंगात आला, हातवारे केले, आवाज चढवला, उतरवला. पोरं तोंडं उघडी टाकून ऐकत होती. पाठ संपल्यावर अध्यापन-पद्धतीच्या प्राध्यापिका गोदावरीबाई म्हणाल्या, "चिंतामण, गोष्ट छान सांगता तुम्ही. पण अख्ख्या तासात मुलं एक वाक्य तरी बोलली का?"

"सर्वांना समजलं होतं, बाई."

"ते तुम्हाला कसं समजलं?"

मागं कुणीतरी हसलं. चिंतामणच्या कानाच्या पाळ्या तापल्या. नऊ वर्षं शिकवलेल्या माणसाला हे कुणी विचारलं नव्हतं.

पुढच्या दोन महिन्यांत काय झालं ते त्याच्या आधी इतरांच्या ध्यानात आलं. प्रमोदिनीचा आवाज कापायचा थांबला. ती मुलांना काहीतरी विचारायची आणि गप्प उभी राहायची. उत्तर आलं नाही तरी घाई करायची नाही. मग एखादं पोर चाचरत बोलायचं, त्याला दुसरं जोड द्यायचं, आणि बघता बघता वर्ग मधमाश्यांच्या पोळ्यासारखा घुमायला लागायचा. टाचणं ती आता स्वतःच लिहू लागली. एकदा चिंतामणनं आपणहून वही ओढली, तर ती म्हणाली, "असू दे हो, झालंय माझं." साधंच वाक्य. पण त्यानं त्या रात्री भात अर्धा ठेवला.

जतकडचा भाऊसो नावाचा एक जण त्यांच्याबरोबर शिकत होता. मनानं सरळ गडी. त्यानं एकदा पोवई नाक्यावर आपल्या पाहुण्यांना चिंतामणची ओळख करून दिली, "हे आमच्या प्रमोदिनीबाईंचे मिस्टर." पाहुण्यांनी नमस्कार केला. चिंतामणनंही केला. कोरेगावच्या बाजारात ज्याला पाहून शेतकरी सायकलवरून उतरत, तो इथे कुणाचा तरी मिस्टर झाला होता. घरी येऊन त्यानं हे तिला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती हसली असती, आणि तिचं ते हसणं त्याला चाललं नसतं.

थंडीच्या दिवसांत गोदावरीबाईंनी जाहीर केलं, की सगळ्यांनी पाहावा असा आदर्श पाठ प्रमोदिनी देईल. मुलींच्या शाळेतला सातवीचा वर्ग. तोंडी निबंध, विषय नदी.

पाठाच्या दिवशी मागे पन्नास जण दाटीवाटीनं बसले होते. प्रमोदिनीनं मुलींना विचारलं, "नदी कुणी कुणी बघितलीय? सांगा बरं, काय बघितलंत?" थोडा वेळ कुणी बोलेना. मग खिडकीजवळची एक मुलगी उठली.

"बाई, माझ्या मामाच्या गावाला, कऱ्हाडला, दोन नद्या हायत्या. एक हिकडनं येतीया, एक तिकडनं. समोरासमोर येऊन धडाकत्यात, आन मग दोगीबी वळत्यात."

"वळल्यावर पाणी कुठल्या नदीचं गं?"

मुलगी विचारात पडली. "त्ये न्हाई सांगता यायचं, बाई."

वर्ग हसला, आणि एकदम वीस हात वर झाले. कुणी म्हणे कृष्णेचं, कुणी म्हणे कोयनेचं, एकीनं सांगितलं, की पावसाळ्यात एकीचं पाणी गढूळ असतं आणि दुसरीचं नितळ, तेव्हा ओळखू येतं. प्रमोदिनी नुसती मान हलवत होती, एकीकडून दुसरीकडे बोट दाखवत होती. चिंतामण मागच्या रांगेत बसला होता. पाठ चांगला चालला आहे हे त्याला कळत होतं. इतका चांगला, की त्याला तो बघवत नव्हता. हे आपण हिला शिकवलेलं नाही, हा विचार पुन्हा पुन्हा येत होता. मग हे हिनं आणलं कुठून?

घंटा झाली. चर्चेला सुरुवात झाली. दोघातिघांनी कौतुक केलं. मग चिंतामण उभा राहिला.

"शिक्षिकेनं मुलींना बोलतं केलं, हे मान्य. पण हा मराठीचा तास होता. 'हायत्या', 'येतीया', 'धडाकत्यात'. एवढं कानावर पडूनही शिक्षिकेनं एकदासुद्धा भाषा दुरुस्त केली नाही. मराठीच्याच तासाला मराठीची ही गत असेल, तर याला आदर्श पाठ कसं म्हणायचं?"

शिक्षिका त्याची कोण, हे सगळ्यांना ठाऊक होतं. गोदावरीबाईंनी प्रमोदिनीकडे पाहिलं. "तुमचं काय म्हणणं?"

"सूचना बरोबर आहे," ती शांतपणे म्हणाली. "आधी बोलू द्यावं, मग त्यांचीच वाक्यं फळ्यावर लिहून त्यांच्याकडूनच शुद्ध करून घ्यावीत, असं ठरवलं होतं. तोवर घंटा झाली."

हे तिनं आदल्या संध्याकाळी भाकरी थापताना चिंतामणला सांगितलं होतं. ते त्याला आठवत होतं. उभं राहून बोलत होता तेव्हाही आठवत होतं.

परत येताना राजवाड्यापर्यंत ती दोन पावलं पुढे चालत होती. मग तिनं विचारलं, "ते तुम्हाला खरंच खटकलं होतं?"

"मग काय, नवरा आहे म्हणून टाळ्या पिटायच्या?"

"टाळ्या नको होत्या मला," ती म्हणाली, आणि भाजीवाल्यापाशी थांबून मेथी निवडू लागली.

वार्षिक पाठाला विद्यापीठाकडून बाहेरचे परीक्षक आले. त्याच्या दोन दिवस आधी ती म्हणाली होती, "एकदा तुमचा पाठ मला देऊन बघता का? मी वर्गातली मुलगी होऊन बसते." चिंतामणनं ऐकलं न ऐकलंसं केलं. परीक्षेच्या तासाला त्यानं पहिला प्रश्न विचारला. कुणी बोललं नाही. सवयीनं त्यानंच उत्तर देऊन टाकलं. दुसऱ्या प्रश्नालाही तेच झालं. मग जुना हुरूप आला, तो सांगत सुटला, आणि घंटा झाली तेव्हा पाठ निम्म्यावर होता. परीक्षक सभ्य गृहस्थ होते. "धन्यवाद," एवढंच म्हणाले.

निकाल जूनमध्ये पेपरात आला. चिंतामण कोरेगावात होता, प्रमोदिनी सांगलीला मुलीपाशी. लेखी आणि प्रात्यक्षिक, दोन्हींत तिचा पहिला वर्ग. तो लेखीत दुसऱ्या वर्गात. प्रात्यक्षिकात नुसता पास. त्यानं नंबर पुन्हा पुन्हा ताडून बघितले. छपाईची चूक असेल असं मनात आलं, आणि कुणाच्या नंबरात चूक असावी असं आपल्याला वाटतंय हे कळल्यावर त्याची त्यालाच लाज वाटली.

तरी पॅसेंजर पकडून तो सांगलीला गेला. दारातच सासऱ्यांनी पेढा हातावर ठेवला. "जावईबापू, हे सगळं तुमच्यामुळे!" म्हाताऱ्याचे डोळे भरून आले होते. चिंतामणनं पेढा तोंडात टाकला आणि वाकून नमस्कार केला. प्रमोदिनी पुढे आली, म्हणाली, "तुमच्याही पदवीचे पेढे आहेत हो ते." ती मनापासूनच बोलली होती. त्याला मात्र ती पदरचं घालून देते आहे असं वाटलं.

तो परतला, तर शाळेच्या फाटकातच आप्पासो भेटले.

"आवं सर, बाईंचा पयला वर्ग आला म्हनं! लय झ्याक झालं. आता त्यांस्नी आपल्याच शाळंत आना. जागा हाय. मॅट्रिकचं मराठी त्यांच्याकडं देऊ. तुमी इतिहास बघा, आन खालचं वर्ग घ्या. नऊ वर्सं लय राबलासा."

"विचारतो," चिंतामण म्हणाला.

त्यानं विचारलं नाही. आठवडा गेला. दरम्यान सांगलीच्या एका मुलींच्या शाळेनं प्रमोदिनीला बोलावणं पाठवलं, आणि तिनं चिंतामणला कळवलं: काय करू? कोरेगावात काही जमण्यासारखं आहे का? त्यानं उलट निरोप धाडला, की इथे काही नाही, तू तिथे रुजू हो. आणि आप्पासोंना सांगितलं, "तिचं सांगलीचं ठरलंय. माहेर सोडवत नाही तिला."

मॅट्रिकचा वर्ग त्याच्याकडेच राहिला. तो पुन्हा पूर्वीसारखा रंगून शिकवू लागला. पण घरी आल्यावर कुलूप काढताना त्याचा हात रेंगाळायचा. खानावळीचा डबा तो उभ्या उभ्या खायचा. महिन्यातून एकदा सांगलीला जायचा, तेव्हा मुलगी आईच्या शाळेतल्या गमती सांगायची, प्रमोदिनीकडे येणाऱ्या मुलींची नावं तिला पाठ होती. तो हसून ऐकायचा आणि परतीच्या गाडीत त्याला झोप यायची नाही.

दिवाळीत प्रमोदिनी मुलीला घेऊन कोरेगावला आली. बाजारात पणत्या घेत असताना आप्पासो समोर आले.

"बाई, रागवू नगा, पर तुमी आमच्या शाळंला न्हाई म्हनलासा, लय वाईट वाटलं बगा. मॅट्रिकचा वर्ग देत हुतो. माहेर कुनाला सोडवतंय म्हना!"

चिंतामण हातातल्या पणतीकडे बघत राहिला. प्रमोदिनीनं एकदा त्याच्याकडे पाहिलं, फार तर एक श्वासभर.

"हो ना आप्पासो," ती म्हणाली. "मुलगीही तिथे रुळली होती. माफ करा."

घरी येईपर्यंत तिनं मुलीशीच गप्पा मारल्या. मुलगी अंगणात खेळायला गेल्यावर ती म्हणाली, "मला विचारायचं होतंत. मी आले असते. मॅट्रिकचा वर्ग नको, पाचवी द्या, म्हणून आप्पासोंना सांगितलं असतं. तुमचा वर्ग घेऊन मी या घरात कशी राहिले असते?"

"मला वाटलं..." तो थांबला. मग खरं तेच बोलला. "तू पाचवीला शिकवलं असतंस, तरी लोक पाचवीच्याच खिडकीशी उभे राहिले असते. ते मला बघवलं नसतं."

तिनं आणलेल्या पणत्या एकेक करून कोनाड्यात मांडल्या. मग म्हणाली, "आता ती शाळा मी सोडणार नाही. मुली जीव लावतात. तुम्ही काय करायचं ते तुमचं तुम्ही ठरवा."

भाऊबीज झाल्यावर ती गेली. गाडीत बसताना तिनं त्याच्याकडे पाठ फिरवली नाही, पण हातही हलवला नाही.

पुढचे सहा महिने चिंतामणनं स्वतःशी बरीच भांडणं केली. राग तिच्यावर काढून बघितला, गोदावरीबाईंवर, आप्पासोंवर. कुठेच फार दिवस टिकला नाही. पंच्याहत्तरच्या उन्हाळ्यात त्यानं राजीनामा दिला. सांगलीत विश्रामबागेकडे एका नव्या शाळेत जागा होती, पाचवी-सहावीची. जुनी सेवा धरली जाणार नव्हती. आप्पासोंनी डोक्याला हात लावला. "सर, खुळं का काय तुमी? पुढल्या साली पर्यवेक्षक केलं असतं की!"

जूनच्या पहिल्या आठवड्यात तो ट्रंक घेऊन गावभागात उतरला. प्रमोदिनी दारात आली.

"आप्पासोंना काय सांगितलंत?"

"बायको सांगलीला आहे, म्हणून सांगितलं."

खाली वाकून ट्रंकेची एक कडी तिनं धरली, आणि दोघांनी मिळून ती आत नेली.

संध्याकाळी तिच्या वर्गातल्या चारपाच मुली कसलासा अडलेला धडा घेऊन आल्या. ओसरीवर त्यांचं हसणं-खिदळणं सुरू झालं. आतल्या खोलीत कपडे लावत बसलेल्या चिंतामणला त्या आदर्श पाठाच्या वेळी वाटलं होतं तेच पुन्हा वाटलं, अगदी तसंच. हातातला सदरा त्यानं बाजूला ठेवला. मग उठून त्यानं चूल पेटवली आणि मुलींसकट सगळ्यांसाठी चहाचं आधण ठेवलं.