दुसरा आकडा

टेबलावर चार वह्या होत्या, रक्तातली साखर मोजायचं एक मीटर, सदतीस पट्ट्या उरलेली डबी, इन्सुलिनची दोन पेनं, ज्यूसचे तीन छोटे पॅक आणि आजारी मुलांसाठीचा सरकारी भत्ता नाकारल्याचं दोन पानी पत्र. गेनरने सगळं दोनदा मोजलं आणि एकेक करून पिशवीत भरलं. पत्र सगळ्यात वर ठेवलं, मग ते काढून तळाशी सारलं.

“हा कोट घालू की निळा?”

“हा तर तुझ्या बापाच्या मयताला घेतलेला,” तिची आई ब्रेंडा म्हणाली. “घाल की. रडवेली दिसलीस तर उलट बरंच. तुला मेलीला नीटनेटकं दिसायची खोड. तिथेच मार खातेस.”

“आई, आज नको.”

“बरं, गप्प बसते.” पण ती गप्प बसली नाही. “पलीकडच्या गल्लीतल्या शॅरनला मिळाला ना भत्ता? तिच्या पोराला नुसता दमा. पण फॉर्म असा लिहिला बयेने, की टपाल उघडणारा रडला असेल.”

गेनरची आठ वर्षांची मुलगी मार्नी टेबलाच्या टोकाला बसून वाटीतले तीस ग्रॅम पोहे दुधात बुडवत होती. मक्याचे पोहे गेनर रोज सकाळी काट्यावर तोलायची. किती खाल्लं, त्यावर किती इन्सुलिन टोचायचं ते ठरायचं. गेनरने अपिलासाठी लिहून दिलेल्या निवेदनाची प्रत मार्नीसमोर उघडी पडली होती, आणि तिला आता सगळं वाचता येत होतं.

“‘मार्नीला एकटीला सोडता येत नाही,’” तिने मोठ्याने वाचलं. “मी गेले होते की एकटी. कोपऱ्यावरच्या दुकानात. दोनदा.”

“गेली होतीस.”

“मग हे खोटंय?”

“मी खिडकीत उभी होते,” गेनर म्हणाली. “तू परत येईपर्यंत.”

मार्नीने थोडा विचार केला. मग वाटी तोंडाला लावून दूध संपवलं.

शाळेत त्या दिवशी मार्नीवर लक्ष ठेवणारी बाई रजेवर होती, म्हणून पोरीलाही सुनावणीला न्यावं लागत होतं. तशी ती बाई असली तरी फक्त लक्षच ठेवायची. सुई टोचणं तिच्या कामात बसत नव्हतं. त्यामुळे रोज बाराला गेनर शाळेत जायची, मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेरच्या खुर्चीवर मार्नीला टोचायची, ती जेवेपर्यंत थांबायची आणि घरी यायची. त्यासाठी तिने मासळीच्या कारखान्यातली पाळी निम्मी करून घेतली होती, साडेसात ते साडेअकरा. आता कारखान्याने नोटीस लावली होती: जानेवारीपासून निम्म्या पाळ्या बंद. साडेसात ते साडेतीन, नाहीतर राजीनामा. मार्नीचा बाप हल शहरात दुसरं घर मांडून बसला होता आणि नाताळला कार्ड पाठवत होता. भत्ता मिळाला, तर पोरीला सांभाळणाऱ्या आईलाही वेगळी रक्कम मिळते. नोकरी सोडून घर चालवायचं, तर तेवढाच आधार होता.

कारखान्यात गेनरचं काम शीतगृहाच्या नोंदींचं. दर तासाला प्रत्येक खोलीचं तापमान बघायचं आणि तक्त्यात लिहून सही करायची. चौदा वर्षांपूर्वी, पहिल्याच दिवशी, तिला मुकादम बेव्हने काम शिकवलं होतं. दोनच्या जागी पाच आला तर? लगेच लिहायचं नाही. दार नीट लागलंय का बघायचं, पंखा सुरू करायचा, पंधरा मिनिटं थांबायचं, पुन्हा बघायचं. दोन आला की दोन लिहायचा.

“आणि तो पाच?” तेव्हा गेनरने विचारलं होतं.

“पाच तू निस्तरलास ना? मग संपला,” बेव्ह म्हणाली होती. “तक्ता तपासणीवाल्यासाठी असतो, पोरी. माशाला वाचता येत नाही.”

कारखान्यातला प्रत्येक जण तसंच लिहायचा. तक्त्यात पाच दिसणं म्हणजे लिहिणाऱ्याला काम येत नाही. गेनरच्या तक्त्यांवर चौदा वर्षांत एकदाही शेरा आला नव्हता.

मार्नी सहा वर्षांची असताना तिला मधुमेह झाला. दवाखान्यातून मिळालेल्या वहीचे रकाने तक्त्यासारखेच होते: वेळ, आकडा, शेरा. तिथल्या मापात साखर चार ते आठच्या मधे हवी. तीन आली की पोर घामेजते, चिडते, बोलता बोलता थांबते. अशा वेळी गेनर ज्यूस पाजायची, पंधरा मिनिटं तिला मांडीवर धरून बसायची आणि पुन्हा बोट टोचायची. मग जो आकडा येईल तो वहीत लिहायची. पाच पूर्णांक चार. सहा. पाच पूर्णांक नऊ. दिवसाला अकरा वेळा बोट टोचणं, त्यातलं एक मध्यरात्री आणि एक पहाटे. चार वह्या तिने निळ्या शाईत भरल्या. कुठे खाडाखोड नाही, कुठे डाग नाही.

भत्त्याच्या चाळीस पानी फॉर्मबरोबर तिने पहिल्या दोन वह्यांच्या प्रती जोडल्या होत्या, पुरावा म्हणून. आपण पोरीकडे किती लक्ष देतो, ते त्यांना दिसेल असं तिला वाटलं होतं. फेब्रुवारीत उत्तर आलं. ‘आपण सादर केलेल्या नोंदींवरून मुलीची साखर नियंत्रणात असल्याचे दिसते. तिच्या वयाच्या इतर मुलांपेक्षा तिला लक्षणीय अधिक देखभाल लागते, असे आढळत नाही.’ फेरविचाराचा अर्ज केला, त्यावरही जवळपास हेच वाक्य आलं. मग अपील. तारीख मिळाली नोव्हेंबरची.

“वह्या जोडल्यास?” चहाच्या सुट्टीत बेव्हने कपाळावर हात मारून घेतला होता. “अगं, वाईटातला वाईट दिवस लिहायचा असतो तिथे. तू त्यांना चांगल्यातले चांगले पाठवलेस, तेही सुंदर अक्षरात.”

“तूच शिकवलंस.”

“मी माशांचं शिकवलं होतं, बाई.”

खरी आशा ऑक्टोबरच्या अखेरीस लागली. दवाखान्यातल्या नर्सने, फिलिपाने, मार्नीचं मीटर तारेने संगणकाला जोडलं. वहीत लिहा नाहीतर लिहू नका, मीटर प्रत्येक आकडा वेळेसकट लक्षात ठेवतं. पाचशे आकडे. त्यांतले चौऱ्याहत्तर चारच्या खाली होते, आणि त्यांतलेही एकोणीस रात्रीचे. वहीत त्याच दिवसांत चारच्या खालच्या नोंदी तीनच.

फिलिपाने वही आणि कागद शेजारी शेजारी ठेवले. “गेनर, ही दोन वेगळ्या मुलींची पत्रकं वाटतात.”

“एकच आहे.”

“मला माहितेय. हे छापून देते, सुनावणीला घेऊन जा. आणि जरा झोपत जा हो. तुमचा चेहरा बघा कसा उतरलाय.”

तो छापील कागद गेनरच्या कोटाच्या आतल्या खिशात होता. बसमध्ये तिने दोनदा चाचपून पाहिला.

सुनावणीच्या खोलीत पाण्याचा एक तांब्या, चार पेले आणि टेबलापलीकडे तिघं होते: न्यायाधीश बाई, निवृत्त डॉक्टर, आणि चाकाच्या खुर्चीतले एक गृहस्थ, जे सगळं लिहून घेत होते. ब्रेंडा मार्नीला घेऊन बाहेर बाकावर बसली. न्यायाधीश बाई बोलायला चांगल्या होत्या. गेनरला पाणी हवं का विचारलं, नावाने हाक मारली तर चालेल का विचारलं. गेनरने खिशातला कागद काढून दिला. तो तिघांच्या हातांतून फिरला. डॉक्टरांनी चष्मा वर करून तो दुसऱ्यांदा वाचला.

“हे गंभीर आहे,” ते म्हणाले.

गेनर खुर्चीत जरा पुढे सरकली.

“पण हा कागद सप्टेंबरच्या मध्यापासूनचा आहे,” न्यायाधीश बाई म्हणाल्या. “निर्णय झाला फेब्रुवारीत. कायद्याने आम्हाला फक्त फेब्रुवारीतली मार्नी बघता येते, गेनर. फेब्रुवारीतले मीटरचे आकडे आहेत का?”

“मीटरमध्ये पाचशेच राहतात. नवा आला की सगळ्यात जुना जातो.” पाचशे भागिले अकरा, पंचेचाळीस दिवस. हा हिशेब तिने कधीच करून ठेवला होता. फक्त त्याचा उपयोग कुणाला होईल, हे तिला ठाऊक नव्हतं.

“म्हणजे फेब्रुवारीचा पुरावा एकच. तुमची वही.”

“हो.”

“आणि ती वही बरोबर आहे?”

“बरोबरच आहे. फक्त त्यात दुसरा आकडा आहे.”

तिघांनीही मान वर केली. गेनरने सांगितलं: ज्यूस, पंधरा मिनिटं, पुन्हा टोचणं, मग लिहिणं.

“मग पहिला आकडा?” डॉक्टरांनी विचारलं.

“पहिला येतो तेव्हा पोर माझ्या मांडीवर लटपटत असते हो. पेन कुठून धरू?”

“नंतर लिहिता आला असता की.”

“नंतर ती बरी असते,” गेनर म्हणाली. “बऱ्या पोरीपुढे तीन लिहायचा?”

चाकाच्या खुर्चीतले गृहस्थ लिहायचे थांबले आणि त्यांनी तिच्याकडे पाहिलं. न्यायाधीश बाईंनी हळू आवाजात विचारलं, “अशी नोंद ठेवायला तुम्हाला कुणी सांगितलं होतं का? दवाखान्यातून? आणखी कुठून? कारण असेल तर ते महत्त्वाचं ठरू शकेल.”

गेनरला शीतगृहाची पाच दारं दिसली. दारांवरचे तक्ते, प्रत्येक ओळीखाली तिची सही. बेव्हची निवृत्ती दीड वर्षावर आली होती.

“नाही,” ती म्हणाली. “सवय आहे.”

तिला वीस मिनिटं बाहेर बसवलं आणि पुन्हा आत बोलावलं. निर्णय एका पानाचा होता. तुमच्या प्रामाणिकपणाबद्दल शंका नाही, न्यायाधीश बाई म्हणाल्या, पण निर्णयाच्या दिवशी मुलीला जास्त देखभाल लागत होती, हे उपलब्ध नोंदींवरून सिद्ध होत नाही. अपील फेटाळलं आहे. नवा अर्ज आजही करता येईल.

“त्याला किती दिवस लागतात?”

“तीन-चार महिने. नाकारला गेला तर पुढे...” त्यांनी वाक्य तिथेच सोडलं.

डॉक्टर दारापर्यंत आले. “या वेळी सगळे आकडे लिहा,” ते म्हणाले. “वाईटसुद्धा. वाईट तर नक्कीच.”

बाहेर बाकावर ब्रेंडाने लेकीचा चेहरा पाहिला आणि पर्स बंद केली. “नाही ना?”

“नाही.”

“सांगत होते मी. शॅरनसारखं...” ती मधेच थांबली. “आता जानेवारीत काय गं?”

“जानेवारीत राजीनामा. दुसरं काय करणार? बाराला शाळेत कोण जाईल? तू?”

“माझे हात थरथरतात सुई बघून. तुला माहितेय.”

“माहितेय.”

“उशीला टोचून बघते हवं तर. शिकेन.”

गेनरला हसू आलं, पण ते ओठांपर्यंत पोचायच्या आत तिचं लक्ष मार्नीकडे गेलं. पोर भिंतीवरच्या सूचनेकडे बघत होती, पण वाचत नव्हती. वरच्या ओठावर घाम होता.

“मार्नी, सातच्या पाढ्यात सात सक किती?”

“आज्जीने... सात...” मार्नी म्हणाली आणि चिडून पाय आपटला. “मला माहितेय. विचारू नकोस.”

गेनर गुडघ्यांवर बसली. पिशवी उघडली, पट्टी मीटरमध्ये सरकवली, मार्नीच्या अनामिकेच्या कडेला टोचलं. थेंब पट्टीने ओढून घेतला. पाच सेकंद. तिने आकडा पाहिला, ज्यूसच्या पॅकमध्ये नळी खुपसली आणि मार्नीच्या तोंडाला लावली.

“सगळं पी. हळू.”

“सफरचंदाचा आहे.”

“संत्र्याचे संपलेत, राणी. पी.”

मार्नीला मांडीवर घेऊन ती बाकावर बसली. कोटाला पोरीच्या केसांचा घाम लागत होता. समोरून सुनावणीसाठी आणखी एक बाई आली, हातात फाईल आणि बरोबर काठी टेकत चालणारा नवरा. ब्रेंडाने त्यांना जागा करून दिली. गेनरचे डोळे भिंतीवरच्या घड्याळावर होते. अकरा चाळीसचे अकरा पंचावन्न झाले.

तिने पुन्हा टोचलं. ५.४.

“सात सक बेचाळीस,” मार्नी म्हणाली. “घरी जायचं?”

“जायचं.”

गेनरने चौथी वही काढली, मांडीवर उघडली आणि निळ्या पेनाने तारीख घातली. वेळ, ११:४०. आकड्याच्या रकान्यात लिहिलं, २.९. ५.४ची खालची ओळ कोरी ठेवून तिने वही मिटली.