बाळसं नव्हे, पाणी

बिश्केकच्या मुलांच्या कॅन्सर वॉर्डात साइकाल नर्सने वीस वर्षं काढली होती. सकाळी पोराचं वजन आईनेच करायचं आणि आकडा तिला सांगायचा, ही पद्धत तिनेच घालून दिलेली. माणसं कमी आणि कामं ढीगभर, दुसरं काय करणार?

त्या दिवशी अडीच वर्षांच्या बेगाइमच्या नावापुढे सलग तिसऱ्यांदा दहा किलो चारशे लिहिताना तिचं पेन थांबलं. मूत्रपिंडातल्या गाठीवर जालीम औषधं चालू, आणि वजनात ग्रॅमचाही फरक नाही. पोर आहे की वजनाचं माप?

तिने स्वतःच पोरीला काट्यावर ठेवलं. अकरा किलो दोनशे. पोट टम्म ताणलेलं. उजव्या बरगडीखाली बोट टेकताच पोर कळवळली.

आई शाइरगुल मान खाली घालून म्हणाली, "वजन वाढलं म्हणून हरखले होते, ताई. पण चारचौघींत सांगितलं आणि दृष्ट लागली तर? म्हणून जुनाच आकडा सांगत राहिले."

"बाळसं नाही गं हे, पाणी आहे. औषधाने यकृतातल्या बारीक नसा तुंबल्यात."

"वाचेल ना?"

"वेळेत सापडलंय. वाचवूच."

साइकालला शाइरगुलपेक्षा स्वतःचाच राग आला; वजन आयांवर सोडायची पद्धत तिचीच होती. तालांत नावाचे तरुण डॉक्टर म्हणाले, पोर जरा भरलीय, सोमवारपर्यंत बघू. साइकालने त्यांना दारातच अडवलं आणि तासाभरात सोनोग्राफी करायला लावली. तिचंच खरं निघालं. गाठीवरची औषधं थांबली, यकृतासाठीचं औषध सुरू झालं, पाण्याचा घोटन्‌घोट मोजला जाऊ लागला. दुपारी साइकालने वॉर्डातली नऊही पोरं स्वतः जोखली. आणखी दोन आयांचे आकडे खोटे निघाले. त्यांच्या पोरांच्या पोटात पाणी साचलं नव्हतं, तरी बोलणी दोघींनाही बसली.

चार दिवस शाइरगुल चमच्याने पाणी पाजत राहिली. पोर रडून मागायची, तरी तिने एक चमचा जास्त दिला नाही. पाचव्या दिवशी पोट मऊ लागलं आणि काट्यावर दहा किलो सहाशे भरले. शाइरगुल पोरीला कडेवर घेऊन व्हरांड्यात गेली आणि सगळ्या आयांना ऐकू जाईल असं म्हणाली, "माझी पोर सहाशे ग्रॅमने घटली."

"हळू बोल, दृष्ट लागेल," एकजण म्हणाली.

"लागू दे. अजून दोनशे घटायचेत."