हिरवं काही विझेना

सकाळपासून तिच्या जिवाला चैन नव्हतं. सूक्ष्मदर्शकाच्या अंधाऱ्या खोलीत ती उगाच हातमोजे काढत होती, पुन्हा घालत होती.

मेंदूतल्या पेशींना पोटॅशियम बाहेर सोडणारी बारीक दारं असतात. त्यांतलं एखादं बिघडलं तर फिट येऊ शकते. तिच्या ताईला लहानपणापासून फिट्स यायच्या, म्हणूनच तर ती या कामात पडली होती. तिला आणि तिच्या मार्गदर्शक मॅडमना असं एक दार अगदी वेगळ्याच पेशींवर दिसलं होतं. त्या दाराला चिकटणारी, हिरवा चमकता रंग लावलेली अँटिबॉडी टाकली की त्या पेशी हिरव्या चमकायच्या. उद्या मॅडम हे परिषदेत सांगणार होत्या.

एक खात्री तेवढी राहिली होती. दाराच्याच प्रथिनाचा हुबेहूब तुकडा, म्हणजे कृत्रिम पेप्टाइड, अँटिबॉडीत आधी मिसळायचा. अँटिबॉडी त्यालाच धरून बसते, पेशींपर्यंत पोचत नाही आणि हिरवं विझतं. मॅडम म्हणायच्या, "करू गं नंतर, कुठे पळून जातंय?" पण तिच्या मनात पाल चुकचुकली होती, म्हणून कमी-जास्त पेप्टाइड घालून तिने ती खात्री स्वतःच करायला घेतली होती.

तिने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. ज्या पेशींवर हे दार असतं हे सगळ्यांनाच ठाऊक होतं, त्या काळ्याकुट्ट झाल्या होत्या. वेगळ्या पेशी मात्र जशाच्या तशा हिरव्यागार! म्हणजे तिथे अँटिबॉडी दाराला नव्हे, भलत्याच कशाला तरी चिकटत होती.

तेवढ्यात ताईचा फोन. "उद्या जाहीर होणार ना? मी शेजारणीलासुद्धा सांगून बसलेय!"

"ताई, मी नंतर करते."

व्हरांड्यात दोन-तीन येरझाऱ्या घालून ती मॅडमच्या खोलीत शिरली आणि एका दमात सगळं सांगून टाकलं.

"पेप्टाइड कमी पडलं असेल," मॅडम म्हणाल्या.

"जास्त घालूनही पाहिलं."

"आणि हे आज सांगतेस?"

"उद्यानंतर सांगितलं असतं तर चाललं असतं?"

मॅडमचा चेहरा लाल झाला. त्या तरातरा अंधाऱ्या खोलीत गेल्या, बराच वेळ सूक्ष्मदर्शकातून बघत राहिल्या. "लागली वाट," एवढंच म्हणाल्या. मग खुर्ची ओढली. "बस. भाषण कापायला मदत कर. आणि हे चित्रही घाल त्यात. लोक हसले तर हसू देत."

काम आटोपल्यावर तिने ताईला फोन केला. ताईने ऐकून घेतलं, "बरं" म्हणाली आणि फोन ठेवला. पुन्हा केला तर उचलेना. तिने तडक बस पकडली. बसायला जागा असूनही ती दाराशीच उभी राहिली.

ताईने दार उघडलं. डोळे सुजलेले.

"चिडलीस?"

"रडू येत होतं, म्हणून ठेवला. तुझ्यावर कशाला चिडू? ये आत."

दोघी स्वयंपाकघरात गेल्या. ताईने चहाचं आधण ठेवलं. मग ताईने पाठमोरीच विचारलं, "मग ती मेली अँटिबॉडी चिकटत कशाला होती?"

"नाही माहीत गं."

"मग शोध की."