एका दाताची रेघ

मित्रांनो, माझे दात दिसतात म्हणून मी हसतोय असं समजू नका. वय झालं की तोंड मिटत नाही, एवढंच. शेडच्या मागच्या भिंतीला टेकून उभं असलेलं जुनं दंताळं ते मी. पाला ओढायचं लांब दांड्याचं दंताळं तुम्ही पाहिलं असेल, ते माझं धाकटं भावंड. मी ट्रॅक्टरच्या मागे लागतो. एक जाड आडवा दांडा आणि त्याला खाली वाकलेल्या पोलादी दातांची रांग, एवढाच माझा जीव.

कारखान्यात माझे दात भट्टीत लाल केले, वाकवले, तेलात बुडवले, तेव्हा कुठे ते स्प्रिंगसारखे झाले. दगड लागला की मागे लवायचं आणि पुन्हा जागेवर यायचं. हा गुण मी फार थोड्या माणसांत पाहिला. आणि ज्यांच्यात पाहिला, त्यांनाच सगळ्यांनी जास्त राबवलेलं पाहिलं.

दुकानात माझ्या शेजारी माझा थोरला भाऊ उभा होता, माझ्यापेक्षा हातभर रुंद. एक दिवस एक जोडपं आलं. मैदानांची आणि बागांची जमीन तयार करून द्यायचा त्यांचा धंदा. नवऱ्याला सगळे रुबाबराव म्हणत. का म्हणत, ते लगेच कळलं. त्यांनी थोरल्याच्या पाठीवर थाप मारली.

"हे घेऊ! रस्त्यानं नेलं तर लोक वळून बघतील."

"बघतीलच," बाई म्हणाल्या. "हे उचललं की आपल्या ट्रॅक्टरची पुढची चाकं अधांतरी. फुकटचा तमाशा कोण सोडेल?"

दुकानदाराला हसू आवरेना. "मग वहिनी, केवढं देऊ?"

बाईंनी पिशवीतून गाठ मारलेली दोरी काढली. ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांचं बाहेरून बाहेर अंतर त्यांनी घरूनच मोजून आणलं होतं. दोरी माझ्यावर धरून त्या म्हणाल्या, "तिरपं लावलं तरी चाकांचे वळ पुसले जातील, आणि ट्रॅक्टरला झेपेल. हेच द्या." रुबाबराव खेळणं न मिळालेल्या पोरासारखे थोरल्याकडे वळून वळून बघत निघाले.

मी नांगर नाही, मित्रांनो. जमीन फाडणं माझं काम नव्हे. मी ती वरवर विंचरतो. दगड, मुळं, कचरा ओढून आणतो. सरळ लावलं तर ढीग पुढे साचतो. खीळ काढून तिरपं फिरवलं तर सगळं एका कडेला जातं. दात जमिनीला टेकावेत, रुतू नयेत. हे सारं बाई बघत. रुबाबराव ट्रॅक्टर चालवत आणि येणाऱ्याजाणाऱ्याशी गप्पा मारत.

काम उरकलं की बाईंची एक रीत होती. चपला काढायच्या आणि सगळी जमीन अनवाणी चालून बघायची. टोचलं की हात वर. हात वर झाला की आम्ही पुन्हा तिथे. मग गिऱ्हाईक येऊन म्हणे, "वा, रुबाबराव! काय हात आहे तुमचा!" हात त्यांचा, पाय बाईंचे, दात माझे. शाबासकीची वाटणी मात्र कधी झाली नाही.

एकदा शाळेचं मैदान आलं. मुख्याध्यापिकांनी बजावलं, "इथे मुली अनवाणी धावतात. मागच्या शर्यतीत एकीच्या टाचेत दगड घुसला. घाबरलीय, पण उद्या पुन्हा धावायचं म्हणतेय. मला एकही खडा नको."

त्या दिवशी बाईंची कंबर धरली होती, म्हणून रुबाबराव एकटेच आले. कोपऱ्यात वळताना मला न उचलताच त्यांनी ट्रॅक्टर मागे घेतला. माझे दात पुढची ओढ सोसतात, मागचा रेटा नाही. मधला एक दात मुळापासून तुटला. रुबाबराव उतरले, त्यांनी बघितलं. आजूबाजूला कुणी नाही ना, तेही बघितलं. जादा ठेवलेला सुटा दात ट्रॅक्टरवरच्या हत्यारांच्या पेटीतच होता, बसवायला कितीसा वेळ?

"एका दातानं काय होतंय," असं म्हणून ते पुन्हा वर चढले.

संध्याकाळी बाई कंबरेला पट्टा बांधून आल्याच. मैदान तर आरशासारखं दिसत होतं. त्यांनी चपला काढल्या. थोडं चालल्या, हात वर. आणखी थोडं चालल्या, पुन्हा हात वर.

"अहो, इकडे या. चपला काढा."

"अगं, मी कशाला?"

"काढा म्हटलं ना!"

रुबाबराव आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या कामावर अनवाणी चालले. "आई गं!" वर भुसभुशीत माती, आणि खाली या टोकापासून त्या टोकापर्यंत खड्यांची बारीक रेघ. प्रत्येक फेरीला एक. माझ्या फटीतून सुटलेली.

बाईंनी माझ्याकडे बघितलं. "सुटा दात कुठाय?"

"पेटीत."

"बरं," त्या म्हणाल्या. "ती पोर उद्या इथूनच धावणार आहे."

रुबाबरावांनी दात बसवला. उजेड होता तोवर आम्ही मैदान पुन्हा विंचरलं, आणि दर फेरीनंतर ते स्वतः चालून आले.

दुसऱ्या दिवशी मी कुंपणापाशी उभा होतो. ती मुलगी शेवटून दुसरी आली, पण न थांबता आली. मैदानाबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. काही टोचलं नाही की खाली कोण बघतं?

आता दोघं थकली, धंदा बंद झाला. माझ्यावर गोणपाटं वाळतात. आणखी एक दात कधी गळला, मलाही आठवत नाही. परवा एक तरुण जोडपं मला न्यायला आलं. तो म्हणाला, "लहानच वाटतंय." ती मात्र ओढणीनं त्यांच्या ट्रॅक्टरच्या चाकांमधलं अंतर मोजायला गेली. मी मनात म्हटलं, झालं, पुन्हा जुंपणार. खरं सांगू? मला आता नको वाटतं.

"हा दात नाहीये," रुबाबराव म्हणाले. "बसवतो, मग न्या."

"राहू द्या हो काका," तो तरुण म्हणाला. " एका दातानं काय होतंय?"

रुबाबराव खाली आपल्या पायांकडे बघत राहिले. मग पाना आणायला आत गेले. घरातून बाईंचा आवाज आला, "मागे घेताना उचला म्हणावं!"

तेव्हा मित्रांनो, जातो मी. अंगात पूर्वीची ताकद नाही, पण माती धुऊन काढलीत, तुटलेला दात त्याच दिवशी बसवलात, तर अजून चालेन. कौतुक नाही केलंत तरी चालेल. फक्त काम झालं असं म्हणण्याआधी तुमच्यापैकी कुणीतरी चपला काढा.