बायको बसली की उकळणारी गाडी

घड्याळजींची आयुष्यभराची सवय एकच: बिघाड दिसला की आधी माणसावर संशय घ्यायचा. घड्याळ पाण्यात पडलंच नाही असं गिऱ्हाईक शपथेवर सांगायचं, आणि मागचं झाकण उघडलं की आत गंज. दुकान बंद झालं, पण ती नजर काही निवृत्त झाली नाही.

आता ती बायकोवर होती. वडिलांच्या वेळची ती गोल बोनेटची मोटार घड्याळजी एकटे चालवत तेव्हा शहाण्यासारखी चालायची. बायको शेजारी बसली की चढ संपायच्या आत काटा लाल रेघेवर आणि बोनेटमधून वाफ! शेवटच्या वेळी मेहुणाही मागे बसला होता, आणि त्याच्याकडे जुन्या गाड्यांचं एक गिऱ्हाईक तयारच होतं. रागाच्या भरात घड्याळजी बोलून गेले, "पुन्हा एकदा उकळली तर देऊन टाकतो तुझ्या माणसाला!" मेहुण्याने शब्द वरच्या वर झेलला. बायको काहीच बोलली नाही, आणि तेच त्यांना खटकलं.

बहीणभाऊ एक झाले असणार. शिवाय हे एकटे फिरून आले की बायको नेमकी फाटकाशी उभी. पाळत, दुसरं काय?

रात्री कोणी बोनेट उघडतं का ते कळावं म्हणून त्यांनी फटीवर ग्रीसने एक केस चिकटवून ठेवला. सकाळी केस जागच्या जागी, पाणी काठोकाठ, पंख्याचा पट्टा ताठ. इंजिन तापलं की पाण्याला वाट करून देणारा थर्मोस्टॅट काढून उकळत्या पाण्यात टाकला, तर तोही इमानदारीत उघडला.

"ते माझं दुधाचं पातेलं आहे," बायको म्हणाली.

विषय बदलतेय, घड्याळजींनी मनात नोंद केली.

शेवटी मेकॅनिक आला. "चला काका, चढापर्यंत जाऊ. मी काकूंच्या जागेवर बसतो."

गाडी निघाली तसा घड्याळजींचा डावा हात डॅशबोर्डखाली गेला आणि त्यांनी एक दांडी ओढली. पायांशी ऊब आली.

"हे काय?"

"हीटर. थंडीत गुडघे धरतात माझे."

"काकू असल्या की?"

"मी लावतो, ती बंद करते. दर वेळी!"

मेकॅनिकने दांडी आत ढकलली. चढाच्या मध्यावर काटा वर सरकू लागला. दांडी ओढली, काटा हळूहळू खाली आला. मग गाडी थांबवून त्याने रेडिएटरच्या जाळीवरून जपून हात फिरवला. वर चटका बसत होता, मध्ये जाळी गारच.

"तुंबलाय. हीटरमधून इंजिनाचंच गरम पाणी फिरतं काका. तो चालू असला की थोडी उष्णता तिकडून निघून जाते, म्हणून इतके दिवस निभावलं. काकू तो बंद करायच्या आणि हा उघडा पडायचा."

रेडिएटर उतरवून उलट्या बाजूने पाणी सोडलं, तर तांबडा गाळच गाळ. पुन्हा बसवला, हीटर बंद ठेवून चढ चढले, काटा मध्यावरून हलला नाही. गाडी वाचली! घड्याळजींना लहान मुलासारखा आनंद झाला. पण संशय एकदा घरात शिरला की सहजासहजी जात नाही. कडाक्याच्या थंडीत ही बाई हीटर का बंद करते?

"खरं सांग," घरात येताच त्यांनी विचारलं, "मुद्दाम बंद करायचीस ना?"

"हो, मुद्दाम."

क्षणभर त्यांना चोर सापडल्याचं समाधान मिळालं.

"ऊब लागली की तुमची मान पडते," ती पातेलं घासता घासता म्हणाली. "त्या दिवशी पुलाच्या कठड्याला गाडी लागता लागता राहिली. तुम्हाला वाटलं मी उगीच किंचाळले. तेव्हाच सांगितलं असतं तर म्हणाला असतात, भावानं पढवलंय."

अगदी हेच म्हणाले असते ते.

"आणि मी एकटा जातो तेव्हा?"

"तेव्हा काय करणार? फाटकाशी उभी राहते."

घड्याळजींना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिच्याकडे लायसन्स होतं. लग्नानंतर तिने एकदा फाटकाच्या खांबाला गाडी घासली होती, तेव्हापासून यांनी किल्ली म्हणून तिच्या हाती दिली नव्हती. दुसऱ्या दिवशी त्यांनी ती दिली.

"खांब तेवढा सांभाळ."

"तुम्ही गप्प बसा."

ते शेजारच्या सीटवर बसले आणि त्यांनी सवयीने दांडी ओढली. या वेळी तिने ती बंद केली नाही. पूल यायच्या आतच त्यांची मान तिच्या खांद्यावर पडली होती.